ओलं पोतं

बापाच्या पाठीतून अजून निळे दोरे निघत होते. रोज नाही, पण दोन-चार दिवसांआड एखादा वर यायचाच. आधी खपलीखाली काळपट ठिपका दिसायचा, मग तिथं पू धरायचा, आणि चिमट्यानं अलगद ओढलं की बोटाच्या पेराएवढा दोरा बाहेर यायचा, वितळून ताठ झालेला. सळई तो ताटलीच्या कडेला पुसायची आणि वर कापूस टाकायची. बापाला दिसू नये म्हणून नव्हे. बाप पालथाच असायचा, त्याला उशीशिवाय काही दिसत नव्हतं. दारात उभ्या असलेल्या आईला दिसू नये म्हणून.

सळई हे नाव बापानंच ठेवलेलं. पोरगी उंच, काटकुळी आणि हट्टी. "तापवल्याशिवाय वाकायची नाही," असं तो पूर्वी चारचौघांत कौतुकानं सांगायचा. आता तसं सांगायला चारचौघे येत नव्हते.

"झालं का?" बाप उशीत बोलला.

"थोडं राहिलंय. हलू नका."

"आज कमी दुखलं."

"शिव्या काही कमी दिल्या नाहीत तुम्ही."

"त्या तुला नव्हत्या."

त्या कुणाला होत्या ते घरात तिघांनाही ठाऊक होतं. आई दारातून बाजूला झाली आणि आवारात गेली.

त्यांचा गवताचा धंदा. टेकड्यांवरचं वाळकं गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, घरामागच्या आवारात गंजी रचायच्या आणि उन्हाळ्यात जनावरवाल्यांना विकायचं. गावात अशी बरीच आवारं होती, आणि प्रत्येक आवारात गंजीशेजारी पाण्याचं पिंप असायचं, पिंपात बुडवलेलं पोतं. जुनी रीत ती. ठिणगी पडली की ओल्या पोत्यानं थोपटून विझवायची. माणूस पेटला तर त्याच्याभोवती पोतं गुंडाळायचं. ते पोतं कायम गोणपाटाचं असायचं. गोणपाट पाणी पितं, जड होतं, आगीचा श्वास कोंडतं. यंदा गोणपाटं उंदरांनी कुरतडून टाकली, म्हणून आईनं खताची निळी प्लॅस्टिकची पोती उसवून पिंपात बुडवली. पोतं ते पोतं. गावातल्या निम्म्या पिंपांत यंदा तेच होतं. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, उलट वितळतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तोवर कुणी पेटलं नव्हतं.

मग एका दुपारी बापानं गाडीचा तुटलेला कणा जोडून घ्यायला वेल्डिंगवाला आवारातच बोलावला. "गाडी बाहेर रस्त्यावर घ्या," असं आई म्हणाली होती. "तू मला शिकवू नकोस," असं तो म्हणाला होता. वारा सुटला, ठिणगी उडाली, गंज पेटली. बांधलेली गाय सोडायला बाप आत धावला, गाय सुटली आणि तो पेटलेला सदरा घेऊन बाहेर आला. आईनं पिंपातलं पोतं ओढलं, त्याच्या पाठीवर टाकलं आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं. तो ओरडत राहिला आणि तो आगीनंच ओरडतोय असं समजून ती आवळतच राहिली.

इस्पितळातून तो दोन महिन्यांनी घरी आला. आईच्या तळव्यांवरही फोड आले होते. ते आपले आपण फुटले आणि आपले आपण वाळले. त्यांना मलम लावायचं कुणाला सुचलं नाही, सळईलाही नाही.

*

आत्या, म्हणजे बापाची धाकटी बहीण, इस्पितळात नर्स होती. सुटीच्या दिवशी ती यायची, पदर खोचायची आणि भावाची पाठ अशी बघायची जशी बाई बाजारात भाजी बघते.

"कुणी केलं ड्रेसिंग? तू?" तिनं सळईकडं पाहिलं. "एक धागा चिकटलेला नाही. आमच्याकडं तिसऱ्या वर्षाच्या पोरी पट्टी ओढताना निम्मी कातडी घेऊन येतात. हात हलका आहे गं तुझा."

"मग?" बाप पालथा पडूनच म्हणाला. "कुणाची पोरगी आहे!"

"दादा, ऐक. सोमवारी नर्सिंग शाळेच्या मुलाखती आहेत. मी मोठ्या सिस्टरांशी बोलून ठेवलंय. हिनं फक्त येऊन उभं राहायचं."

"रोज घरी येता येतं ना?"

"सकाळच्या जीपनं जायचं, संध्याकाळच्या जीपनं परत. निघायच्या आधी तुझी पट्टी, आल्यावर तुझं औषध. आणखी काय पाहिजे?"

बाप कित्येक दिवसांनी हसला. हसताना पाठ ताणली आणि तो कळवळला, पण कळवळतानाही हसत होता. सळईला वाटलं, याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. चांगली पट्टी बांधली आणि तीच गळ्यात पडली.

"वहिनी, तुला काय वाटतं?" आत्यानं दाराकडं बघून विचारलं.

"मला काय वाटायचंय," आई म्हणाली आणि चहाचे कप उचलून घेऊन गेली.

*

एक गंज बचावली होती. तीच विकून दिवस काढायचे होते. मायलेकी पहाटे उठून टेकडीवरचं उरलंसुरलं गवत कापायच्या, उन्हं चढली की आवारात पेंढ्या बांधायच्या. आईची गाठ गावात प्रसिद्ध होती. गवताच्याच चार काड्यांना पीळ द्यायचा, पेंढीभोवती फिरवायचा, टोक आत खुपसून अंगठ्यानं असं दाबायचं की गाडीतून फेकली तरी पेंढी सुटू नये. बापाचीसुद्धा तशी बसत नसे. आता भाजलेले तळवे खरखरीत झाले होते, पीळ देताना जुनी कातडी तडकायची. ती थुंकी लावून पुढची पेंढी घ्यायची.

गवळी गाडी घेऊन आला. अर्धी गाडी भरून झाल्यावर त्यानं एक पेंढी नाकाशी नेली.

"धुराचा वास येतोय."

"ही गंज वेगळी. जळालेली नव्हे," आई म्हणाली.

"वास येतोय म्हटलं ना. माझ्या म्हशी तोंड लावायच्या नाहीत." त्यानं भरलेल्या पेंढ्या एकेक करून खाली टाकल्या. टाकता टाकता म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या हातचं म्हटलं की आता जरा भीतीच वाटते."

हे तो हसून म्हणाला. लोक असं काही बोलायचं असलं की हसूनच बोलतात. आई पेंढ्या गोळा करत राहिली. एकही सुटली नव्हती.

*

मलम संपलं म्हणून सळई शहरात गेली. इस्पितळाला लागूनच अग्निशमन केंद्र होतं, मध्ये फक्त छातीएवढी भिंत. मैदानात पोरी पाण्याचा जाड पाइप खांद्यावर घेऊन पळत होत्या. ती भिंतीशी थांबली.

"ए पोरी! तू त्या गवताच्या आवारातली ना?"

अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. बंब चालवणारा ड्रायव्हर होता तो. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. बंबाचा भोंगा बिघडला तरी चालेल, हा खिडकीतून ओरडला की पुरे, असं त्याच्यावरचं बोलणं होतं. त्या दिवशी तोच आला होता. आला तेव्हा गंज बसली होती आणि बाप जमिनीवर पालथा होता.

"बरे आहेत का बाबा?"

"दोरे निघतात अजून."

भोंग्याचा आवाज खाली आला. "दर उन्हाळ्यात एक तरी बघतो मी असला. कधी पोतं, कधी ताडपत्री, कधी नायलॉनची साडी. घरच्यांनीच टाकलेली, जीव वाचवायला. आम्ही पोचतो तोवर चिकटलेली असते." त्यानं भिंतीवरून घडी केलेलं, आग न धरणारं जाड कापड तिच्या हातात दिलं. "हे टाकायचं असतं. नाहीतर साधं गोणपाट. नाहीतर जमिनीवर लोळवायचं. पण हे आधी कोण सांगणार? आम्हाला सगळे आग लागल्यावर बोलावतात."

ते कापड जड होतं. सळईनं ते छातीशी धरलं आणि तिला एकदम रडू आलं. इतकं साधं होतं ते.

"भरती आहे," भोंगा म्हणाला. "सोमवारी, याच मैदानात. मुली घेतायत. पण ट्रेनिंग लांब, सहा महिने तिकडंच राहावं लागतं."

"सोमवारीच?"

"का, सोमवारी लग्न आहे तुझं?"

सळईला नर्सिंग नको होतं असं नव्हतं. पट्टी सुकी निघाली, खपलीखाली गुलाबी कातडी दिसली की तिला बरं वाटायचं, दिवसभर पुरेल इतकं. पण चिमट्याच्या टोकाला दोरा आला की दर वेळी एकच विचार यायचा: हा इथं यायलाच नको होता. आयुष्यभर लोकांच्या पाठींतून दोरे काढत बसण्यापेक्षा पोतं पडण्याआधी तिथं पोचलं पाहिजे. मलमाची डबी घेऊन ती भिंतीच्या त्या बाजूला गेली आणि तिनं आपलं नाव सांगून टाकलं.

*

परतल्यावर ती घरी न जाता आधी शेजारच्या आवारांत गेली. पहिल्या आवारातल्या म्हातारीनं पोतं बदलते म्हटलं. दुसऱ्या आवारात मालक खाटेवर बसला होता, जावई आलेला होता. सळईनं पिंपातून निळं पोतं बाहेर काढलं.

"काका, हे नका ठेवू. गोणपाट ठेवा. हे वितळतं."

मालकानं जावयाकडं बघून डोळा मारला. "बघा. आईनं नवऱ्याला भाजून काढलं, आता पोरगी गावाला शिकवत फिरतेय."

जावई हसला. सळईच्या हातातलं पोतं गळत होतं, पायांवर पाणी पडत होतं. तिला खूप काही बोलता आलं असतं. ती पोतं काखोटीला मारून घेऊन आली. तिची पाठ वळल्यावर त्यानं दुसरं निळं पोतं बुडवलं असणार, हे तिला ठाऊक होतं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. या गावात ज्याचं जळलं होतं त्यालाही कळलं नव्हतं.

*

त्या संध्याकाळी तिनं बापाला सांगितलं.

बापानं बोटांनी उशीची कड चुरगाळली. मग म्हणाला, "बंबावर? बायकांचं काम आहे ते? बापाला आगीनं खाल्लं, पुरलं नाही का तुला?"

"म्हणूनच, बाबा."

"आणि माझं कोण करणार?"

"आई करेल."

"नाही."

"मी शिकवते तिला. तिला हे सगळं जमण्यासारखं…"

"तिचा हात नको." बाप मान उचलायला गेला, जमलं नाही, तसाच उशीत ओरडला. "एकदा लागला तेवढा पुरे!"

एवढ्या महिन्यांत हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. आई दारातच होती. तिच्या हातात पाण्याचं भांडं होतं, ते तिनं सावकाश खाली ठेवलं, एक थेंब सांडू न देता.

सळईनं वाद घातला नाही. बापाला वाटलं, पोरगी वाकली. "सोमवारी आत्याकडं जा," तो म्हणाला, "आणि नीट उत्तरं दे."

थोड्या वेळानं ती मागच्या आवारात गेली. आई अंधारून आलं तरी पीळ देत बसली होती.

"मी नाही जात," सळई म्हणाली. "इकडंही नाही, तिकडंही नाही. राहते घरीच."

"गप्प बस." आईनं पेंढी बाजूला टाकली. "तू इथं बसलीस तर मला जन्मभर दारातच उभं राहावं लागेल. कळतंय का तुला? तू त्याच्या आणि माझ्या मध्ये बसली आहेस रोज. चांगलंच करतेस तू, मी नाही म्हणत नाही. पण ऊठ आता तिथून."

आई एवढं कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर तिनं तळवे उघडून लेकीपुढं धरले. "दाखव कसं करायचं."

*

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. बाप पालथा. सळई खाटेजवळ उभी राहून बोलायची आणि आईचा हात पाठीवर चालायचा. पहिल्या दिवशी आईनं फक्त जुनी पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यानं पुसलं. हात जड पडला की सळई तिचं मनगट धरायची. आईला एकच गोष्ट साधत नव्हती. शेवटची गाठ आली की बोटं आपली आपण पीळ द्यायची आणि टोक आत खुपसून अंगठा दाबायची. सळई डोळ्यांनी दटावायची, मग आई गाठ सोडायची आणि सपाट बांधायची. बाहेर आल्यावर सळई म्हणायची, "आई, माणूस आहे तो. पेंढी नव्हे."

"बोटांना कोण सांगणार," आई म्हणायची.

बापाला काही कळलं नाही. उलट तो खूश होता. "हात आणखी हलका झाला तुझा," असं एकदा म्हणाला. सळईला हे सगळं लबाडीचं वाटत होतं, आणि ते लबाडीचंच होतं.

सोमवारी तिनं नवे कपडे घातले. जीप यायला थोडा वेळ होता. आई चिमटा घेऊन बसली. बाप मुलाखतीबद्दल बोलत होता, सिस्टर काय विचारतील, काय सांगायचं.

"विचारलं कुठं शिकलीस, तर सांग बापाच्या पाठीवर शिकले," तो म्हणाला. "खरंच सांगतो, हे तुझ्या आईला सात जन्मांत जमलं नसतं."

आईचा हात थांबला नाही. तिनं खपलीची कड उचलली, खाली काळा ठिपका होता. तिनं चिमट्यानं धरलं, ओढलं. निळा दोरा बाहेर आला. आजवर एकही तिच्या नजरेला पडला नव्हता. आपल्या हातानं उसवलेलं, आपल्या हातानं बुडवलेलं पोतं तिच्या डोळ्यांपुढं दोऱ्याएवढं होऊन आलं.

"आई गं!" आईच्या तोंडून निघून गेलं.

बापाचे खांदे ताठ झाले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"बाबा," सळई म्हणाली.

चिमटा आईच्या हातात तसाच अधांतरी होता, त्याला दोरा लोंबत होता. तिनं लेकीकडं पाहिलं आणि हनुवटीनं दार दाखवलं: जा. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. पट्टी अर्धी सोडलेली, पाठ उघडी, ते दोघं तसेच टाकून सळई बाहेर पडली. आपण फार वाईट काहीतरी करतोय असं तिला वाटत होतं, आणि तरी ती जीपकडं धावली.

*

मैदानात मुली पुष्कळ होत्या. पळून झालं, शिडी झाली, पाइप ओढून झाला. शेवटी वाळू भरलेला माणसाएवढा पुतळा खांद्यावर घेऊन रेघेपलीकडं टाकायचा होता. जिला तिला तो टाकायचीच घाई होती; धप्प आवाज यायचा आणि शिट्टी वाजायची.

सळईनं तो उचलला. गुडघे दुमडले, पण ती चालली. रेघ ओलांडल्यावर ती खाली बसली, पुतळ्याच्या मानेखाली हात घातला आणि त्याला हलकेच पालथा ठेवला. तोंड एका कुशीला वळवलं, श्वास घेता यावा म्हणून. कडेच्या मुली हसायला लागल्या.

"अगं, टाकायचा असतो तो!" भोंगा ओरडला. "वेळ जातोय तुझा!"

"पाठ भाजलेली असली तर?" ती धापा टाकत म्हणाली.

शिट्टीवाला साहेब हसला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं, जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. "थोडक्यात वाचलीस," म्हणाला. "पास. पुढची."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आत्याचा आवाज आला. पांढऱ्या कपड्यांत, कमरेवर हात. "तिथं तुझं नाव पुकारून पुकारून शिपायाचा घसा बसला, आणि तू इथं बाहुल्या झोपवतेयस? दादाला मी काय सांगू?"

"मी सांगेन, आत्या."

"तुझ्या आधी मीच जाते आणि सांगते. मग बघ," आत्या म्हणाली. ती रडवेली झाली होती.

*

संध्याकाळी सळई घरी आली तेव्हा आई आवारात पेंढ्या बांधत होती. तिनं वर पाहिलं, काही विचारलं नाही. सळईनं हात-पाय धुतले आणि आत गेली. जखम दिवसभर उघडी राहिली असणार, माशा बसल्या असणार, हाच विचार रस्ताभर तिच्या डोक्यात होता.

बाप पालथा होता, तोंड भिंतीकडं.

"आत्या येऊन गेली," तो म्हणाला. "ओरडून गेली."

"हो."

"घेतलं तुला?"

"घेतलं."

"सहा महिने?"

"सहा महिने, बाबा."

तो शाबास म्हणाला नाही, जा म्हणाला नाही, जाऊ नको असंही म्हणाला नाही. भिंत बघत राहिला. सळई खाटेपाशी वाकली. पाठीवर नवी, पांढरी पट्टी होती, कडेपर्यंत नीट बसवलेली. काखेखाली शेवटची गाठ होती. टोकाला पीळ दिलेला, आत खुपसलेला, अंगठ्यानं दाबलेला.

"गाठ टोचतेय," बाप म्हणाला.

"सोडून परत बांधू?"

बाहेर आई पेंढ्या एकावर एक टाकत होती, त्यांचा आवाज येत होता. बाप तो ऐकत असावा.

"राहू दे," तो म्हणाला.